आधी गोळी की आधी पेशी?

२०२३ या एकाच वर्षात सिकलसेलच्या बाबतीत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या आजाराचं निर्मूलन करायचं, हे तिचं उद्दिष्ट. मग नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी बाहेर काढतात, क्रिस्पर तंत्राने त्यांच्या डीएनएत नेमक्या जागी छेद देतात आणि त्या परत शरीरात सोडतात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांच्या आसपास.

नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा, मेळघाटचे कोरकू, गडचिरोलीचे गोंड आणि माडिया, विदर्भातले कितीतरी बिगर-आदिवासी समाज, या सगळ्यांच्या घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्यासाठी या दोन घटनांपैकी कुठली मोलाची, यावर डॉक्टर आणि संशोधक यांच्यात चालणारा वाद मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. खालचा संवाद मी रचला आहे, त्यातली माणसंही कल्पित आहेत. मतं मात्र खरी आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसं ती पोटतिडकीने मांडतात. डॉक्टर सातपुड्याच्या पायथ्याशी ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहेत. संशोधक एकेकाळी त्यांच्याच हाताखाली इंटर्न होता. आता पुण्यात मूळपेशींच्या जनुकसंपादनावर काम करतो.

संशोधक : मॅडम, ‘बिरसा १०१’ची बातमी तुम्ही वाचली असेलच. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी आपली स्वतःची क्रिस्पर उपचारपद्धती जाहीर केली, नोव्हेंबर २०२५ मध्ये. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे जातंय. मी इंटर्न होतो तेव्हा हे स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

डॉक्टर : वाचली. बिरसा मुंडांचं नाव दिलं, तेही आवडलं. आणि मग मी राउंडला गेले. तीन वर्षांची मुलगी, वजन दहा किलो. तिला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध द्यायचंय, किलोला वीस मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला दोनशे. माझ्याकडे कॅप्सूल आहे पाचशेची. मग मी तिच्या आईला शिकवते, कॅप्सूल उघड, एवढ्या पाण्यात विरघळव, एवढंच पाज, उरलेलं फेकून दे. त्या बाईला ऊसतोडीला गुजरातेत जायचंय. तिथे ही मापाची सिरिंज कोण धुणार आणि कोण सांभाळणार? तुझी क्रिस्पर ऐकताना मला ती सिरिंज आठवते.

संशोधक : ते मान्य. पण ही गोळी आयुष्यभर घ्यायची आहे, आणि मूळ दोष तसाच राहतो. १९९५ साली तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात वेदनेचे झटके साधारण निम्म्यावर आले. म्हणजे निम्मे राहिलेच ना?

डॉक्टर : निम्मे राहिले म्हणतोस! झटका आलेलं मूल तू पाहिलं आहेस माझ्याकडे. हाडाच्या आत रक्त अडकलंय, मूल ओरडून ओरडून थकतं आणि मग नुसतं कण्हतं. त्यातला प्रत्येक दुसरा झटका टळला तर त्या घराला किती श्वास मिळतो ते बघ. बाकीच्या साध्या गोष्टींचा हिशेबही तसाच. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, त्यामुळे न्यूमोकॉकससारखा जंतू शिरला की काही तासांत मूल हातचं जातं. १९८६ साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवून दिलं की रोज पेनिसिलिन दिलं तर हे जंतुसंसर्ग ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी होतात. पेनिसिलिन! त्याला पेटंट नाही, कारखान्याची अडचण नाही. फक्त मूल जन्मल्याबरोबर त्याला सिकलसेल आहे हे कळायला हवं, आणि गोळी घरापर्यंत जायला हवी. आपल्याकडे बहुतेक मुलं कधी सापडतात? पहिला मोठा ताप येऊन गेल्यावर. काही त्या तापातच जातात, त्यांची नोंद न्यूमोनिया म्हणून होते.

संशोधक : मी गोळीच्या विरुद्ध नाही हो मॅडम. माझं म्हणणं इतकंच की गोळी आणि पेशी एकाच झाडाला लागल्या आहेत. आणि ते झाड कुणा प्रयोगशाळेतल्या माणसाने लावलेलं नाही, तुमच्यासारख्याच एका बालरोगतज्ज्ञ बाईने लावलंय.

डॉक्टर : जॅनेट वॉटसन.

संशोधक : तुम्हीच सांगितलं होतंत. ब्रुकलिनमध्ये १९४८ साली.

वॉटसन यांची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सिकलसेलचा इतिहास सांगताना तिच्यावरून लोक भराभर पुढे जातात. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या वॉल्टर नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी असल्याचं प्रसिद्ध केलं, हे पाठ्यपुस्तकात असतं. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं, तेही असतं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दोष नेमका पकडला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, म्हणजे शेकडो अमिनो आम्लांत एकाची अदलाबदल. पण या मधल्या काळात वॉटसन यांनी जे पाहिलं ते फक्त पाळण्यापाशी उभं राहणाऱ्यालाच दिसलं असतं. आजार घेऊन जन्मलेली बाळं पहिले काही महिने ठणठणीत असतात. त्यांच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या फारशा वाकत नाहीत. आईच्या पोटात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते जन्मानंतर हळूहळू ओसरतं, आणि ते असेपर्यंत बाळाला संरक्षण मिळतं, असा तर्क त्यांनी केला. तो खरा ठरला. सदोष हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं आणि त्या काड्या पेशीला वाकवतात. गर्भातलं हिमोग्लोबिन मध्ये आलं की काड्यांची साखळी तुटते. हायड्रॉक्सीयुरियाचा मोठा फायदा याच वाटेने होतो: ते शरीराला गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं थोडं बनवायला लावतं.

संशोधक : आणि कॅसजेव्ही तरी दुसरं काय करतं? जन्मानंतर हे हिमोग्लोबिन बंद कोण करतं, हा प्रश्न साठ वर्षं अडून होता. २००७-०८ मध्ये ब्रिटन आणि सार्डिनियातल्या माणसांची जनुकं तपासताना बीसीएल११ए या जनुकाकडे बोट गेलं, आणि २००८ मध्येच बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन यांनी दाखवलं की गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणारं जनुक हेच. आता सरळ ते तोडून टाका म्हटलं तर पंचाईत. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी तयार व्हायला तेच जनुक लागतं, मेंदूला लागतं, खुद्द मूळपेशीलाही लागतं. रक्त सुधारायला जाऊन प्रतिकारशक्ती गमवायची, असं झालं असतं. २०१३ मध्ये त्यातून वाट निघाली. या जनुकाच्या पोटात डीएनएचा एक छोटा तुकडा असा आहे की तो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात त्याला जोर देतो. तेवढाच तुकडा बिघडवायचा. बी पेशींना कळतसुद्धा नाही. मॅडम, मला आजही हे वाचताना काटा येतो अंगावर. एका मूळपेशीत एकदा केलेला छेद, आणि तिच्यापासून पुढे आयुष्यभर जन्मणारी प्रत्येक तांबडी पेशी बदललेली.

डॉक्टर : सुंदर आहे. खरंच सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण तू छेदापर्यंत थांबलास. पुढचं सांग ना. त्या पेशी परत घालायच्या आधी काय करता?

संशोधक : जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. बुसल्फान देतो.

डॉक्टर : म्हणजे केमोथेरपी. आणि पेशी काढताना? कॅन्सरच्या रुग्णाला देतात ते जी-सीएसएफ इथे देता येत नाही, कारण त्याने पांढऱ्या पेशी एकदम वाढतात आणि सिकलसेलच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो. मग प्लेरिक्साफॉर हे दुसरं औषध, मग यंत्रावर तासन्‌तास, तेही कित्येकदा एका खेपेत पुरत नाही. मग महिनोन्‌महिने वाट, मग केमो, मग चार ते सहा आठवडे बंद खोलीत. पांढऱ्या पेशी शून्यावर, साधी बुरशी जीव घेऊ शकते. त्या तीन वर्षांच्या मुलीची आई तेवढे दिवस कामाला गेली नाही तर घरी दोन लहान भावंडं आहेत, त्यांनी खायचं काय?

संशोधक : कॅसजेव्हीच्या चाचणीत वर्षभर तरी पाठपुरावा झालेल्या ३१ जणांपैकी २९ जणांना सलग बारा महिने एकही मोठा झटका आला नाही. तुमच्या हयातीत असं औषध पाहिलंय तुम्ही?

डॉक्टर : औषध नाही पाहिलं. इलाज पाहिलाय. भावंडाची अस्थिमज्जा जुळली तर प्रत्यारोपणाने मूल बरं होतं, हे १९८४ पासून जगाला माहीत आहे. ती मुलगी तर ल्युकेमियासाठी प्रत्यारोपणाला आली होती, सिकलसेल त्याबरोबर गेला. चाळीस वर्षं झाली. आपल्याकडे कॅन्सर, थॅलसेमियासाठी ही प्रत्यारोपणं दरवर्षी होतात. माझ्या डोंगरातून किती मुलं तिथवर पोचली ते तू मला विचारू नकोस. इलाज शोधला गेला म्हणजे तो मिळाला, असं तुम्हा लोकांना वाटतं. इथेच आपलं बिनसतं.

यावर संशोधक लगेच काही बोलला नाही. १९८४ चा दाखला मलाही या सगळ्या वादातला सर्वांत जड दगड वाटतो. नव्या उपचाराच्या बाजूने जे जे बोललं जातं ते या दगडाला वळसा घालून जातं. पण त्याचं पुढचं उत्तरही मला टाळता येत नाही.

संशोधक : भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. ज्याचं जुळत नाही त्याचं काय? आणि दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या परक्या शरीरावर हल्ला करू शकतात, कधी कातडीवर, कधी यकृतावर, कधी वर्षानुवर्षं. स्वतःच्याच पेशी परत घातल्या तर तो प्रकारच नाही. म्हणून हे प्रत्यारोपणाचं धाकटं भावंड नाही, पुढचं पाऊल आहे. पैशाचं म्हणाल, तर अमेरिकेतही कॅन्सरवरचे कार-टी उपचार असेच कोटींत होते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून स्वतःचा कार-टी केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि किंमत आली अमेरिकेच्या साधारण एक दशांशावर. रुग्णाच्या टी पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरची बी पेशी ओळखायला शिकवायचं, परत सोडायच्या. तंत्र वेगळं, पण पेशी काढणं, स्वच्छ खोलीत वाढवणं, गोठवणं, परत घालणं, ही सगळी कारागिरी तीच. त्या माणसांचे हात तयार झालेत. ते हात वापरायचेच नाहीत का?

डॉक्टर : एक दशांश म्हणजे तरी कित्येक लाख. आणि कार-टीच्या मागे मध्यमवर्गीय रुग्ण आहेत, विमा आहे. माझ्या रुग्णांच्या मागे कोण आहे?

संशोधक : म्हणूनच तर सरकारी संस्थेने करायला हवं! आपण केलं नाही तर कोण करणार? सिकलसेल आफ्रिकेत आणि भारतात. अमेरिकेत लाखभर रुग्ण आहेत, आणि त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय, त्यामुळे तिथेसुद्धा या आजाराला पैसा किती उशिरा मिळाला ते तुम्हाला माहीत आहे. व्होक्सेलोटोर हे नवं औषध आलं २०१९ ला, २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून परत घेतलं. क्रिझानलिझुमॅब या दुसऱ्या औषधाची मान्यता युरोपने २०२३ मध्ये रद्द केली.

डॉक्टर : बरं झालं तूच काढलंस. क्रिझानलिझुमॅबचा विचार मला आवडला होता. झटका म्हणजे नुसत्या वाकड्या पेशी नळीत अडकल्या, असं आम्ही शिकलो. आता कळतं की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, आधी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि मग तांबड्या पेशी त्यांच्यात अडकतात. म्हणून तर साध्या सर्दी-तापाने झटका येतो. ती चिकटण्याची क्रिया थांबवायची कल्पना उत्तम होती. मोठ्या चाचणीत ती उतरली नाही. आणि हायड्रॉक्सीयुरिया? जुनं, स्वस्त औषध, ते न्यूट्रोफिलसुद्धा कमी करतं, गर्भातलं हिमोग्लोबिनही वाढवतं. नवी औषधं आली, गेली. ते आहे तिथेच आहे.

संशोधक : हायड्रॉक्सीयुरिया सिकलसेलसाठी नव्हतंच, मॅडम. ते कॅन्सरचं औषध होतं. कुणीतरी पेशीविभाजन थांबवायचा अभ्यास करत होतं, आणि त्यातून तुमच्या त्या तीन वर्षांच्या मुलीची गोळी निघाली. त्या माणसाला कुणी म्हणालं असतं की आधी गावागावात ताप मोजा, मग हे करा...

डॉक्टर : तर आज माझ्या हातात काही नसतं. हे मला कळतं रे. मी तुझी प्रयोगशाळा बंद करायला निघालेली नाही. मला भीती आहे ती रांगेची. बातमी आली की मंत्री, पैसा, कॅमेरे सगळे छेदाकडे वळतात, आणि नवजात बाळाच्या टाचेतून थेंब घेण्याचं काम आशाताईच्या पिशवीत मागे पडतं. दुसरी भीती त्याहून वाईट. ‘स्टेमसेल’ हा शब्द आता बाजारात आहे. मतिमंद मुलासाठी, सांधेदुखीसाठी, मधुमेहासाठी, कशासाठीही सुया टोचणारे लोक आहेत. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्पष्ट लिहिलंय की रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या प्रत्यारोपणापलीकडे बाकी सगळं फक्त चाचणीतच व्हायला हवं. तरी शेत गहाण ठेवून आलेले बाप मी पाहिलेत. तुझी बातमी गावात पोचते तेव्हा ती तुझी राहत नाही, त्या दलालाची होते.

संशोधक : याला माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच की आम्ही चाचणीच्या बाहेर काही देणार नाही. पुढची दिशा मात्र वेगळी आहे. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, केमोही नाही. संपादनाचं साधन चरबीच्या सूक्ष्म थेंबात भरून शिरेतून द्यायचं आणि ते अस्थिमज्जेतल्या मूळपेशीपर्यंत न्यायचं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच आणि गेट्स फाउंडेशनने प्रत्येकी दहा कोटी डॉलर बाजूला काढले ते आफ्रिकेतल्या दवाखान्यात देता येईल असा सिकलसेल आणि एचआयव्हीचा इलाज शोधायला. यकृतातल्या पेशीपर्यंत असे थेंब पोचतात, माणसांत पोचवून दाखवलंय. अस्थिमज्जा अवघड आहे. पण झालं, तर एक सलाईन. तुमच्या वॉर्डात.

डॉक्टर : होईल तेव्हा मी पहिली रांगेत उभी राहीन मुलांना घेऊन. तोवर काय?

संशोधक : तोवर तुमच्याकडून मला काही हवंय. आपल्याकडच्या सिकलसेलचा जनुकीय साचा आफ्रिकेपेक्षा वेगळा, गर्भातलं हिमोग्लोबिन मुळात जास्त, म्हणून आजार सौम्य, असं पुस्तकात लिहिलंय. विदर्भातले डॉक्टर सांगतात, सौम्य कसला, आमची मुलं तशीच तडफडतात. खरं काय, हे नवजात बाळांपासून मोजत गेलं तरच कळेल. पहिल्या वर्षभरात दर तीन महिन्यांनी गर्भातलं हिमोग्लोबिन किती उतरतं, कुणाचं उतरत नाही, का उतरत नाही. ज्या बाळाचं उतरत नाही, त्याच्या डीएनएत कदाचित पुढचं औषध आहे.

डॉक्टर : म्हणजे तुझ्या संशोधनासाठी जन्मतः तपासणी करावी लागेल. जे मी वीस वर्षं मागतेय.

संशोधक : हो. आणि ज्या बाळाची तपासणी आम्ही करू, त्याचं पेनिसिलिन, लस आणि पुढे हायड्रॉक्सीयुरिया हे त्याच अनुदानातून. नमुना घेतला आणि निघून गेलो, असं होणार नाही.

डॉक्टर : लिहून दे.

संशोधक : देतो.

डॉक्टर : अजून ऐक. संमतीपत्रक पावरी आणि भिलोरीत, आणि ते कागदावर देऊन उपयोग नाही. बाजाराच्या दिवशी, आजार असलेल्याच कुणा मोठ्या मुलाने वाचून दाखवायचं. ‘बरं होशील’ हे शब्द त्यात येता कामा नयेत. केमो हा शब्द मात्र यायलाच हवा. आणि आणखी एक, ज्याबद्दल तुमच्या कुठल्याही बातमीत मी वाचलेलं नाही. बुसल्फानने मुलीची बीजांडं जाऊ शकतात. माझ्याकडची मुलगी बारा वर्षांची झाली की घरात लग्नाची चर्चा सुरू होते. मूल होणार नाही असं कळलं तर तिला कोण करून घेईल, हा प्रश्न तिच्या आईला झटक्यापेक्षा मोठा वाटतो. मोठ्या शहरातल्या रुग्णाला बीजांड गोठवून ठेवायचा सल्ला देतात. वयात न आलेल्या मुलीचं तर बीजांडकोशाचा तुकडाच काढून ठेवावा लागतो. तो कुठे ठेवणार, वीस वर्षं कोण ठेवणार, त्याचे पैसे कुणाच्या खात्यातून जाणार? हे तुझ्या प्रस्तावात कुठल्या पानावर आहे?

संशोधक : प्रस्तावात नाही.

डॉक्टर : मग प्रस्ताव अजून पुरा झालेला नाही. घाल, आणि मला पाठव. मी नैतिकता समितीत बसायला तयार आहे, पण त्या पानावर रक्कम लिहिलेली असली तरच.